टाकाऊ ते काय?

सज्जनहो, कीर्तनात आम्ही नेहमी सांगतो की, हा देह मातीचा आणि अखेर मातीलाच मिळायचा. श्रोते माना डोलावतात. परंतु घरची दुधीची साल, केळीचे सालपट, कोथिंबिरीची देठे यांना मातीला मिळू देण्याची वेळ आली की, आपण ती पिशवीत कोंडतो, गाठ मारतो आणि दाराबाहेर ठेवून हात झटकतो. पिशवी गेली, पण गेली कोठे?

माउलींची पालखी पुणे सोडून दिवे घाटाकडे निघाली की, वाटेत उरुळी देवाची हे गाव लागते. गावाच्या नावातच देव! पण पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे याच गावाच्या आणि शेजारच्या फुरसुंगीच्या शिवारात पडला. तेथील लोकांनी दुर्गंधी सोसली, बिघडलेले पाणी सोसले, पुन्हा पुन्हा आंदोलने केली. ज्यांनी वारकऱ्याला तांब्याभर पाणी द्यावे, त्यांच्याच विहिरी आपल्या सालपटांनी नासाव्या, ही परपीडा नव्हे काय?

बरं, दोष सालीचा आहे का? मुळीच नाही. दोष कोंडण्याचा आहे. हवा मिळाली की डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच सालीची माती करतात. मोठ्या ढिगाखाली हवा कोंडली की तीच सडते, मिथेन वायू सुटतो आणि ढीग पेट घेतात.

तर मग करावे काय? एक जुना माठ किंवा बादली घ्यावी. तळाला व अंगाला भोके पाडावी, खाली ताटली ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळला पाला चार बोटे पसरावा. रोजची साले, देठे, चहाचा चोथा बारीक चिरून घालावा. एक ओंजळ ओल्यावर दोन ओंजळी वाळला पाला, हे प्रमाण विसरू नये. वर मूठभर जुने खत, शेण किंवा थोडे आंबट ताक घालावे. हे विरजण! दुधात विरजण पडल्यावाचून दही नाही, आणि सत्संगावाचून मन पालटत नाही. आठवड्यातून दोनदा काठीने ढवळावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. तेलकट शिजलेले अन्न, दूधदुभते नवशिक्याने घालू नये.

मी स्वतः चुकलो ते सांगतो. पहिल्याच उत्साहात अख्ख्या कलिंगडाची साल एकदम लोटली. पाला घातलाच नाही. चौथ्या दिवशी सूनबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "बाबा, नरकाचं वर्णन कीर्तनात पुरे होतं, घरात कशाला आणलंत?" पाला घालून ढवळले, दोन दिवसांत वास गेला. वास आला तर ओल फार झाली. मुंग्या लागल्या तर कोरडे पडले, थोडे पाणी शिंपडावे. अळ्या दिसल्या तर भिऊ नये, पाल्याचा थर द्यावा. अगदी इतके सोपे आहे.

पण माझ्या मनात खरा पेच होता तो निर्माल्याचा. लहानपणापासून शिकलो, निर्माल्य पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावे. साठी उलटेपर्यंत तसेच केले. एकदा नदीकाठी पाहिले, तर सोडलेले हार चिखलात रुतलेले आणि लोक त्यांवरूनच चाललेले! तेव्हा उमगले की, नियमाचे अक्षर मी पाळले, हेतू बुडवला. आता निर्माल्याचा माठ वेगळा ठेवला आहे. दोरा, जरी, प्लास्टिक काढून फुले-तुळस त्यात घालतो. त्याचे खत फक्त वृंदावनात. तुळशीची माळ पुन्हा तुळशीला मिळते.

दोन-तीन महिन्यांनी माठ उघडावा. साल ओळखू येत नाही. काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास देणारी माती हाती येते. चाळून एक भाग खत तीन भाग मातीत मिसळावे. संस्कृतात पृथ्वीला क्षमा असेही नाव आहे. आपण दिलेले सालपट ती पोटात घेते आणि फूल करून परत देते. मंडळी, आम्हा बोलणाऱ्यांना हे जमले तर पुष्कळ झाले. म्हणून आजची साल आज माठात घालावी. वेशीपलीकडच्या कोणाच्या दारी धाडू नये.

रामकृष्ण हरि!