रंग जाऊ देऊ नका

2024 च्या मार्चमध्ये आमचे शेजारी पती-पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने कॅनडाला गेले. किल्ली माझ्याकडे देताना वहिनींनी तुळशीला पाणी घालायला सांगितलं. शेजारी दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या टाकीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “भाभीजी, बस रंग मत जाने देना।” मी मान डोलावली. आपण काय कबूल करतोय, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

टाकीत समुद्र होता. म्हणजे आरओचं पाणी आणि त्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने विरघळवलेलं खास मीठ. नोएडापासून मुंबईचा किनारा हजार किलोमीटरांहून दूर, पण इथे दहाव्या मजल्यावर पंपाने लाटा येत होत्या. दगडांवर प्रवाळ बसवलेले: जांभळे, पोपटी, गुलाबी. भिंतीवर आकड्यांचा कागद चिकटवलेला होता. पाणी 25 ते 26 अंश, कॅल्शियम 420 च्या आसपास, नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी थोडं. पाणी बदलायला आठवड्यातून एकदा दुकानातला मुलगा येई. तपासणीच्या नळ्या, माशांचं खाणं आणि वीज गेली तर इन्व्हर्टर, हे माझ्याकडे.

माझं आजोळ मालवणचं. आजीच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती. ते पोवळं भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचं. त्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून जीव गेल्यावर शंभर वर्षांनीही ते लालच राहतं. टाकीतल्या प्रवाळाचं उलट. त्याचा सांगाडा पांढरा, चुन्याचा. रंग असतो तो वरच्या पातळ, जिवंत कातडीत. जीव गेला की रंग गेला. त्यामुळे माझी साधी समजूत अशी होती, की रंग आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

एप्रिलच्या मध्यावर एक जांभळा प्रवाळ तपकिरी पडू लागला. मी घाबरून फोटो पाठवला. शेजाऱ्यांचा रात्री फोन आला: माशांचं खाणं कमी करा आणि निळ्या दिव्याची तीव्रता वाढवा. मी तसं केलं. दोन-तीन आठवड्यांत तपकिरी छटा ओसरली आणि प्रवाळ आतून पेटल्यासारखा दिसू लागला. सोसायटीतल्या मैत्रिणी बघायला आल्या. मला अभिमान वाटला.

मग मी वाचू लागले. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाचा तपकिरी रंग या शैवालाचा. पाण्यात पोषण मुबलक असलं की शैवाल दाट होतं आणि प्रवाळ तपकिरी दिसतो. पोषण तोडलं की शैवाल विरळ होतं. वरून प्रकाशाचा मारा केला की प्रवाळ स्वतःला वाचवायला रंगद्रव्यं तयार करतो. आपण ज्याला वाहवा म्हणतो, तो जांभळा-गुलाबी रंग पुष्कळदा त्याने उन्हात उघडलेली छत्री असते. 2020 साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की उष्णतेमुळे शैवाल गमावलेले काही प्रवाळ पांढरे न पडता भडक, चमकदार रंगाचे होतात. शैवालाला परत यायला सावली मिळावी म्हणून चाललेली ती धडपड असते.

लहानपणी मालवणला पाण्यात डोकं बुडवून बघितलेले प्रवाळ मला तेव्हा आठवले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथले बरेचसे प्रवाळ मातकट, शेवाळी होते. मी आईकडे तक्रार केली होती की यात बघण्यासारखं काही नाही. ते खाऊन-पिऊन सुखी होते, एवढंच.

खरं सांगायचं तर मला वाचताना माझा मुलगा आठवत होता. बारावीच्या वर्षी तो रात्री दोनला झोपायचा आणि सहाला क्लासला जायचा. वाळला होता. पण डोळ्यांत काहीतरी चमकत असायचं. नातेवाईक म्हणायचे, काय तेज आलंय पोराच्या चेहऱ्यावर! मीही तेच म्हणत होते. त्या तेजाचं कारण त्याला विचारायला मला दोन वर्षं लागली.

प्रश्न माझ्यापुढे अवघड होऊन बसला. टाकी माझी नव्हती. मी शब्द दिला होता तो रंगाचा, जिवाचा नव्हे. दिवा कमी केला तर प्रवाळाचं भलं आणि शेजाऱ्याचा विश्वासघात. तसाच ठेवला तर शब्द पाळला, पण कशाच्या जोरावर? शिवाय तपकिरी प्रवाळ सुखीच असतो, असंही नाही. घाण पाण्यातलाही तपकिरीच होतो. बघून कळत नाही, हीच तर अडचण होती. आम्ही त्याला दिसण्यावरून ओळखत होतो, आणि दिसण्याचा दिवाही आमच्याच हातात होता.

कागदपत्रांविषयी मी पूर्वी एकदा विचारलं होतं. दुकानदाराने ‘सब ठीक है’ म्हणून सांगितलं होतं, तेवढ्यावर विषय संपला होता. आपल्याकडे सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मुंबईत सागरी किनारा मार्गासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे थोडे प्रवाळ हलवायचे होते, तर महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. आणि इथे एका वाक्यावर ते दहाव्या मजल्यावर आले होते.

शेजाऱ्यांची बाजूही पोकळ नव्हती. त्याच एप्रिलमध्ये जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं, मे महिन्यात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडल्याच्या बातम्या आल्या. ते फोनवर म्हणाले, बघा, समुद्रात मरताहेत, माझ्याकडे जिवंत आहेत. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. एवढंच वाटतं, की वाचवायलाच आणले असते, तर कुठला दिवा त्यांना मानवतो हे आपण आधी विचारलं असतं. कुठल्या दिव्यात ते खुलून दिसतात, हे नंतर.

मेच्या मध्यावर मी त्यांना फोन करून सांगितलं की मी दिवा उतरवणार आहे आणि माशांचं खाणं पूर्ववत करणार आहे. चोरून केलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. पलीकडे शांतता पसरली. मग ते म्हणाले, तुमच्यावर सोपवलंय, तुम्ही बघा. दोन टक्क्यांनी, तीन टक्क्यांनी, असा मी दिवा उतरवत गेले. महिनाअखेरीस दिल्लीत पारा 45 च्या पुढे गेला, तेव्हा दुपारी वीज गेली की मी टाकीशेजारी बसून पाण्याचा चिलर इन्व्हर्टरवर चालतोय ना, ते बघत असे.

जूनमध्ये शेजारी परतले. सामान दारातच ठेवून ते टाकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. जांभळा प्रवाळ जांभळट तपकिरी झाला होता, पण रात्री त्याचे बारीक हात पूर्वीपेक्षा लांब बाहेर येत होते. “रंग तो गया,” ते हळूच म्हणाले. मी हो म्हटलं. सफाई दिली नाही. त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, थोडा वेळ तिथेच ठेवला आणि विचारलं, “रात को कितने बजे निकलते हैं इसके हाथ?”

मी म्हटलं, साडेनऊनंतर. निळा दिवा बंद केल्यावर.