शौर्य आणि सूड



सैन्यभरतीसाठी पहाटे धावणाऱ्या जतच्या एका मुलाने विचारले, “फादर, युद्धात मारणं पाप का?”

मला निमजचे नामदेव जाधव आठवले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत, सेनिओ नदीवर, मराठा पलटणीच्या या शिपायाने गोळीबारात दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांमधून सुखरूप नेले. मग परतून तीन मशिनगन ठाणी बंद पाडली. मृत साथीदारांचा सूड म्हणून, असे व्हिक्टोरिया क्रॉसचे मानपत्रच सांगते.

संत थॉमस अक्विनास न्याय्य युद्धातही हेतू शुद्ध मागतात, सूडाची क्रूरता निषिद्ध मानतात. पण ती ठाणी तशीच राहिली असती तर आणखी किती जवान पडले असते? पुस्तकात हेतू वेगळे काढता येतात. हात जखमी झालेला असताना?

मुलाला सरळ उत्तर देता आले नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर तो पुन्हा भेटणार आहे.