कळण्याआधीचं बोलणं

‘तान्ह्या बाळाशी काय बोलायचं, त्याला काय कळतंय?’ हे घराघरांत म्हटलं जातं. त्यामागे तत्त्वज्ञानातला एक जुना वाद आहे: वाणी माणूस सोबत घेऊन जन्मतो की ती त्याला इतरांकडून मिळते? भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’नुसार शब्दाचा संस्कार पूर्वजन्मापासूनचा असतो. पूर्वजन्म बाजूला ठेवला तरी त्यात तथ्य उरतं. वर्कर आणि टीस यांच्या १९८४च्या संशोधनात इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ओळखता आला, वर्षाची होईतो बहुतेकांची ती जाण ओसरली. म्हणजे बाळ कोरं येत नाही, पण आणलेलं आपोआप टिकतही नाही. माणसाचं बोलणं कानी पडू न देता अकबराने काही मुलं वाढवली होती. १५८२ मध्ये तो त्यांना पाहायला गेला, तेव्हा त्यांच्या तोंडून मुक्यासारखे आवाजच निघाले, असं अबुल फजल लिहितो. क्रूरच प्रयोग, पण बीज असूनही ते एकट्याने रुजत नाही, हे त्याने दाखवलं.

नुसता आवाजही पुरत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांसमोर बसून कुणी चिनी बोललं, खेळणी दाखवली, तेव्हा त्यांना त्या भाषेतले ध्वनी ओळखू आले; तेच पडद्यावर पाहिलेल्यांना नाहीत. यावर कुणी म्हणेल, पापुआ न्यू गिनीतले कालुली लोक तान्ह्यांशी फारसं बोलत नाहीत, तरी मुलं शिकतातच. खरं आहे. पण कालुली आई बाळाचं तोंड लोकांकडे करून धरते आणि बारीक आवाजात त्याच्या वतीने बोलते. बोलणाऱ्यांत बाळाची जागा तिथेही राखलेली असतेच. माझ्या मते कळण्याची वाट पाहून बोलणं सुरू करणं म्हणजे क्रमच उलटा करणं. तेल लावताना ‘आता हा हात, आता तो’ म्हणावं, बाळाने हुंकार दिला की थांबून त्याला पुरतं हुंकारू द्यावं. त्या थांबण्यात त्याला बोलणारा मानलेलं असतं.

मग ज्याला ऐकूच येत नाही, त्याचं काय? हा आक्षेप सगळ्यांत मोलाचा. खुणांची भाषा पाहत वाढणारी कर्णबधिर बाळं हातांनी बोबडं बोलतात, हे १९९१ मध्ये पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी दाखवलं. म्हणजे कान हा एक मार्ग झाला. डोळे आणि स्पर्श हेही मार्गच. म्हणून अशा बाळाच्या घरच्यांनी ‘आधी मशीन बसू दे, मग बोलू’ म्हणून थांबू नये. उपचार चालू राहोत, खुणा मात्र आजच सुरू कराव्यात.