गढीला काय दिसत होते?

गावातल्या लहान कोटांविषयीचा फार स्पष्ट विचार सभासदाच्या बखरीत आहे. १६९७च्या सुमारास लिहिताना सभासद सांगतो की वतनदारांनी गावोगाव वाडे, बुरूज, कोट बांधले, प्यादे ठेवले आणि ते दिवाणाला जुमानेनासे झाले. शिवाजी महाराजांनी ते कोट पाडले आणि वतनदारांना रयतेसारखी साधी घरे बांधून राहायला लावले. चार बुरुजांची गढी शत्रूला अडवते तशी सरकारी वसुलीलाही अडवते, हे सतराव्या शतकात पुरते कळलेले होते.

पुढे हे शहाणपण मागे पडले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना गढीत केवळ लष्करी अडथळा दिसला. जानेवारी १८१९मध्ये हटकर नायक नौसाजीच्या नाव्ह्याच्या गढीला निजामाच्या फौजेने कंपनीच्या मेजर पिटमनच्या हाताखाली वेढा घातला. हे ठिकाण नांदेडच्या उत्तरेला, म्हणजे आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या शेजारचेच. आतल्या अरब शिबंदीने कडवी झुंज दिली आणि महिनाअखेरीस हल्ला करूनच गढी घ्यावी लागली. नाव्ह्याचे नाव पुढे त्या फौजेतल्या पलटणींच्या युद्धसन्मानांत गेले. पण गढी मोजायचे मापही त्यामुळे ठरून गेले: ती किती दिवस टिकली? जिला कधी वेढाच पडला नाही, तिची नोंद ठेवण्याचे कारण उरले नाही.

विसाव्या शतकातल्या आपल्या दुर्गप्रेमाने तरी वेगळे काय केले? ते सह्याद्रीत रमले. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत मराठवाड्यातला एकही नाही. त्या किल्ल्यांचा मान निर्विवाद आहे. तरी मातीच्या बुरुजाकडे पाहायची नजर आपल्याला त्यांच्याकडून मिळणार नाही.

ती रोमन साम्राज्याच्या टोकाला मिळू शकते. ब्रिटनमधली हेड्रियनची भिंत म्हणजे वर उभे राहून लढायचा तट, असे बराच काळ मानले जाई. १९२१मध्ये इतिहासकार कॉलिंगवूडने मांडले की ती लढण्याची जागा नव्हती, पहाऱ्याची वाट होती. पश्चिमेला समुद्र लागला की भिंत संपते, चौक्या मात्र कंब्रियाच्या किनाऱ्याने पुढे जातात: दर रोमन मैलाला एक छोटे ठाणे आणि दोन ठाण्यांच्या मध्ये दोन बुरूज. रिचर्ड बेलहाउस यांनी अनेक वर्षे खपून ही साखळी शोधली. एकेका बुरुजात हाती लागे ते थोडेच, काही खापरे आणि चुलीची राख. अर्थ उलगडला तो त्यांच्यातल्या अंतरांतून. कुठून काय दिसते, निरोप कुठे जातो, कोण कोणत्या वाटेने ये-जा करते, हे प्रश्न पुढे आले आणि लढाईचा प्रश्न मागे सरला.

हेच प्रश्न हिंगोलीकडच्या कयाधू नदीच्या खोऱ्यातल्या गढ्यांविषयी विचारायला हवेत असे मला ठामपणे वाटते. रोमन बुरूज एकाच सत्तेने आखून बांधले. आपल्या गढ्या वेगवेगळ्या घराण्यांनी, वेगवेगळ्या काळात आणि कित्येकदा एकमेकांच्या विरोधात उभारल्या, त्यामुळे इथे सरळ साखळी सापडणार नाही. सापडेल ते अधिक गुंतागुंतीचे असेल. बुरुजावरून सुगीची खळी दिसतात का, नदीचा उतार दिसतो का, शेजारच्या पाटलाचा बुरूज दिसतो का? रिचर्ड ईटन आणि फिलिप वॅगनर यांनी २०१४च्या ग्रंथात दख्खनच्या दुय्यम केंद्रांवर लक्ष वळवले, पण ती केंद्रे म्हणजे कल्याणी, रायचूर, वरंगळ. त्यांच्याही खालची पायरी म्हणजे गढी, आणि वसूल गोळा होई तो या पायरीवर.

शिवाय गढीची माती स्वतःच पुरावा आहे. ती बहुधा पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगाची. भिंतीत चेपलेली खापरे गढीच्या आधीची, कधी कधी कितीतरी शतके आधीची असू शकतात. हीच माती धाब्यावर पसरायला आणि शेतात टाकायला लोक पिढ्यान्‌पिढ्या नेत आले. तेव्हा ती टोपलीने जाई, आता ट्रॅक्टरने जाते. त्यात गावाचा दोष नाही, पडक्या भिंतीचे मोल त्याला कुणी सांगितलेच नाही. निदान प्रत्येक गढीची जागा नकाशावर यावी, पावसाने कापलेल्या भिंतींतले थर रेखून घ्यावेत आणि धान्याची पेवे कुठे होती हे ज्यांना आठवते त्या म्हाताऱ्यांना ते आत्ताच विचारावे.