शेजार आणि सोबत



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील एक मुलगी मिस्सा संपल्यावर मला भेटायला थांबली. यंदाच तिला पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. तिचे नाव आणि विद्यापीठाचे नाव मी देणार नाही, आणि आपणही तर्क करत बसू नये ही विनंती.

मी कौतुकाने विचारले, "काय म्हणते कॉलेज?" ती म्हणाली, "फादर, तिथं सगळ्या जगातली पोरं आहेत. नेपाळची, आफ्रिकेतली, आसामची, दिल्लीची. गेटवर झेंडे लावलेत ओळीनं. पण मेसमध्ये मी एकटीच जेवते."

मी म्हणालो, "अगं, वेळ लागतो."

"तीन महिने झाले, फादर."

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गाव विचारले की ती 'पुणे' सांगते. सुरुवातीला निरगुडसर सांगायची. "ते कुठे आले?" मंचरजवळ. "मंचर कुठे?" भीमाशंकरच्या वाटेवर. तोपर्यंत समोरच्याचे लक्ष मोबाईलमध्ये गेलेले असायचे. आता ती 'पुणे' सांगून मोकळी होते. "जिल्हा पुणेच आहे ना, म्हणजे खोटं नाही," असे म्हणून ती हसली. ते हसू मला काही बरे वाटले नाही.

'वेळ लागतो' हे माझे उत्तर आळशी होते. त्या रात्री मी स्वतःलाच विचारले: नाना प्रांतांची, नाना देशांची माणसे एका छपराखाली आणली, की काही चांगले घडते का? की ते घडण्यासाठी आणखी काही लागते?

पुण्यात या प्रश्नाची एक सुंदर सुरुवात आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. एकदा त्यांना एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना दिसली. रेक्टर म्हटल्यावर मनात संशय येणारच. त्यांनी चौकशी केली. तो मुलगा मॉरिशसचा होता आणि काविळीने आजारी होता. ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. परक्या देशात आजारी पडलेल्या मुलाला विचारणारे कोणी नाही, ही गोष्ट मुजुमदारांच्या मनाला लागली, आणि १९७१ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'सिंबायोसिस' ही संस्था सुरू झाली. २००२ साली ती अभिमत विद्यापीठ झाली.

नाव त्यांनी आपल्याच विषयातून घेतले. सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. आपल्या घरी काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते, ते याचेच उदाहरण आहे. शैवाल आणि बुरशी अशा दोन जिवांनी मिळून ते बनते. शैवाल अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा देते. दोघांपैकी एकालाही वेगळे काढले तर ते दगडफुलासारखे दिसत नाही. एकत्र राहिल्यामुळे दोघांचेही रूप बदलले आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते. पोत्यात बटाटे आणि कांदे एकत्र भरले तर तेही 'एकत्र' असतात, पण बटाटा बटाटाच राहतो आणि कांदा कांदाच. मंचरच्या बाजारात बसणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

या संस्थेच्या मुळाशी 'विविधता' हा शब्द नव्हता. तिथे एक आजारी मुलगा होता आणि त्याच्यासाठी आणलेले जेवण होते. आज मात्र अनेक खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकात विविधता हा विकण्याचा माल झालेला दिसतो. इतक्या देशांचे विद्यार्थी, इतक्या राज्यांचे विद्यार्थी. पालकांना सांगतात की अशा वातावरणात तुमच्या पाल्याचे व्यक्तिमत्त्व घडते. हे खोटे नाही. पण त्यात एक नैतिक अडचण आहे, ती सहज दिसत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ साली एक विचार मांडला: कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. नागालँडहून आलेली मुलगी ही दिल्लीच्या मुलाचे व्यक्तिमत्त्व घडवण्यासाठी तिथे आलेली नाही. ती शिकायला आली आहे. तिचा पोशाख वार्षिक महोत्सवात सर्वांना हवा असतो, फोटोसाठी तिला पुढे बोलावतात, आणि रात्री तिला ताप आला की दार वाजवणारे कोणी नसते. मग ती तिथे माणूस म्हणून आहे की सजावट म्हणून?

यावर कोणी म्हणेल, "फादर, निदान भेट तरी होते ना?" होते, आणि त्या भेटीची किंमत मी कमी करणार नाही. सेमिनरीत माझ्या शेजारच्या खोलीत नागालँडचा एक ब्रदर होता. त्याच्या घरून आंबवलेल्या सोयाबीनचे पुडके यायचे. त्याला ते लोक अखुनी म्हणतात. वास उग्र असतो. आम्ही चारपाच जण नाक दाबून हसायचो आणि खिडक्या उघडायचो. तो काही बोलायचा नाही. नंतर त्याने ते पुडके मागवणेच बंद केले. आम्ही त्याच वेळी वर्गात मनुष्याच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहीत होतो, आणि मला चांगले गुणही मिळाले होते. सुकट भाजल्यावर आपल्या घराला कसला वास येतो, हे तेव्हा मला आठवले नाही. पुढे तो माझा चांगला मित्र झाला. पण एका इमारतीत राहिल्यामुळे झाला नाही. एका मे महिन्यात आम्हा दोघांना स्वयंपाकघराची पाळी एकत्र आली, तेव्हा झाला. अॅरिस्टॉटलनेही मैत्रीबद्दल असेच म्हटले आहे की मैत्रीची इच्छा लवकर होते, मैत्री लवकर होत नाही. त्यासाठी बरेच मीठ एकत्र खावे लागते.

झेंड्यांच्या ओळीत न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे फी. ऑगस्ट २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येत नाही. त्यानंतर ९३वी घटनादुरुस्ती झाली आणि सरकारला तसा कायदा करण्याचा अधिकार मिळाला. अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या. २०१४ मध्ये न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील काही प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्या निर्णयातून बाहेर ठेवली. घरात मुली असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. प्रवेश घेताना सांगणारा प्रत्येक जण हे सांगतोच असे नाही. अशा ठिकाणी देश अनेक आणि भाषा अनेक असू शकतात, पण त्या सगळ्यांचे बाप बहुधा एकाच ऐपतीचे असतात. आपली मुलगी तिथे वेगळी पडते ती मराठी म्हणून नाही किंवा ख्रिस्ती म्हणूनही नाही. संध्याकाळी सगळी मुले कॅफेत निघाली की ती म्हणते, "मला अभ्यास आहे."

एकत्र जेवण्याचा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मोठमोठी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, आणि त्या एका कपावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी वेगवेगळी वसतिगृहे काढली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांच्यामुळे हजारो मुले शिकली. तिथल्याच जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून शुद्ध व्हायला सांगितले. त्याने नकार दिला आणि त्याला बाहेर पडावे लागले.

याच भाऊरावांनी पुढे, १९२४ साली, साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. तिथे मुले स्वतः पाणी भरत, दळत, भाकरी थापत, आणि एका पंगतीत जेवत. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रसुद्धा दिले. मला वाटते, त्या वसतिगृहाची खरी ताकद तिथल्या चुलीत होती. ज्या मुलाने आज पीठ मळले, त्याच्या जातीचा प्रश्न उद्या भाकरी खाताना काढणे अवघड जाते. विद्यापीठाच्या मेसमध्ये प्रत्येक जण गिऱ्हाईक असतो. कूपन द्यायचे, ताट घ्यायचे, ओळखीचे टेबल शोधायचे. तिथे कोणाला कोणाची गरजच पडत नाही, आणि गरज न पडणे यालाच आपण सोय म्हणतो. माणसे शेजारी असतात, सोबत नसतात.

पवित्र शास्त्रात हीच अडचण दोनदा भेटते. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत होते. यरुशलेमकडची काही मंडळी आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठले. संत पौलांनी त्यांना सर्वांसमोर तोंडावर सुनावले. पहिल्या पोपना! पेत्रांची शिकवण चुकली नव्हती, फक्त बसण्याची जागा बदलली होती, आणि पौलांच्या मते तेवढ्यानेही शुभवर्तमानालाच बाधा येत होती. दुसरा प्रसंग करिंथचा. तिथले श्रीमंत प्रभुभोजनाला लवकर येऊन आपापले खाऊन घेत, कामकरी माणसे उशिरा पोचत आणि उपाशी राहत. पौलांनी त्यांना विचारले की याला प्रभूचे भोजन म्हणायचे तरी कसे? मंडळी तर एकत्र जमलीच होती. विविधताही भरपूर होती.

आता आपल्याकडे पाहू. भीमाशंकर कारखान्याचा हंगाम आला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतली दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबे गेल्या हंगामात आपल्या मिस्साला येत होती. ती शेवटी येत, मागच्या सतरंजीवर बसत, आणि आशीर्वाद होताच उठून जात, कारण फडावर जायचे असे. शांतीचा संदेश देताना आपण पुढे-मागे वळून हात जोडतो. पण कोणाच्या अंगणात ती कधी चहाला बसली का? मी स्वतः त्यांच्या कोपीवर एकदाच गेलो, तेही नाताळचा खाऊ वाटायला. देणारा मी, घेणारे ते. यालाही सोबत म्हणता येणार नाही.

परत त्या मुलीकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांचा प्रश्न सरळ होता. "फादर, पुढच्या वर्षाचं कर्ज काढू का नको? अवसरीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, घरून डबा नेऊन पोरगी शिकली असती. तिकडं ती अशी झुरणार असेल तर उपयोग काय?" याचे उत्तर माझ्याकडे नाही. फीचा हिशेब त्यांनीच करायचा आहे, आणि कॉलेज बदलणेही सोपे नाही. पण झुरण्याबद्दल मी मुलीला एक प्रश्न विचारला: "तुझ्यासारखं मेसमध्ये आणखी कोणी एकटं जेवतं का?"

तिने बराच विचार केला. "एक आहे. मिझोरामची. खिडकीपाशी बसते."

"मग?"

"तिचं इंग्लिश मला कळत नाही, फादर. आणि बाकीच्या काय म्हणतील, या दोघी..." ती पुढे बोलली नाही.

तिला दुखवावे म्हणून मी विचारले नव्हते. एकटेपणा हा अन्याय आहे, आणि ज्यांच्याकडे सत्ता, पैसा आणि झेंडे लावायला गेट आहे त्यांची जबाबदारी मोठी आहे. सर्व विद्यार्थ्यांनी मिळून करायचे एखादे काम, परवडेल अशी फी, रात्री आजारी मुलीचे दार वाजवणारी वॉर्डन, हे त्यांनी पाहिले पाहिजे. तरीही आपल्याला ज्या टेबलावर जागा हवी असते, त्याच टेबलाकडे पाहत राहिलो, तर खिडकीपाशी बसलेले माणूस दिसत नाही. मला अखुनीच्या पुडक्यामागचा माणूस दिसला नव्हता.

तिची आई आतून ऐकत होती. तिने डबा भरायला घेतला होता. मासवड्या होत्या. मुलगी म्हणाली, "जास्त नको, तिथं सगळ्या विचारतात हे मासे आहेत का म्हणून." आई म्हणाली, "मग सांग की बेसनाच्या आहेत."

पुढच्या रविवारपासून आगमनकाळ सुरू होत आहे. कारखान्याचा हंगामही सुरू झाला आहे. त्या दिवशी मिस्सानंतर अंगणात चहा आणि पोहे ठेवले आहेत. टोळीवरच्या कुटुंबांना फडावर लवकर जायचे असते, म्हणून मिस्सा अर्धा तास अलीकडे, साडेसात वाजता होईल. खुर्च्या मांडणार नाही, सतरंज्या टाकू. पोहे करायला सकाळी साडेपाचला चार माणसे हवी आहेत, त्यांतली दोन टोळीवरची असतील, मी त्यांना विचारून आलो आहे. आपल्यातल्या उरलेल्या दोघांनी शनिवारपर्यंत मला सांगावे. कांदे मी चिरतो.

आपला,
धर्मगुरू