सत्यकामाच्या आईचं उत्तर



आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४.

सत्यकामाला गुरूकडे शिकायला जायचंय. तिथे गोत्र विचारणार, म्हणून तो आईला विचारतो. जबाला सांगते, तरुणपणी घरोघरी सेवा करत फिरताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. मी जबाला, तू सत्यकाम. तर तू सत्यकाम जाबाल असंच सांग.

बघा, तिने खोटी गोष्ट रचली नाही. लेकाने विचारलं तेवढं खरं सांगितलं आणि सोबत स्वतःचं नाव दिलं.

नवऱ्याच्या मारहाणीतून मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या आईसमोरही असा अवघड प्रश्न येतोच. पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू रागाने विचारतं, "इतकी वर्षं का सहन केलंस?" किंवा उलट, "माझी शाळा, मित्र सोडून इथे का आणलंस?" मग आई एकतर गप्प बसते, नाहीतर सगळं दुःख त्याच्यावर ओतते. जबालेची वाट या दोन्हींच्या मधली आहे.

आपल्या कोल्हापुरातच, सतराव्या शतकात, संत बहिणाबाईंनी जयराम स्वामींच्या कीर्तनाला जाण्यावरून नवऱ्याचा मार खाल्ला. वय अकराच्या आसपास. आईवडील सोबत होते, तरी मार चुकला नाही. पण बहिणाबाईंनी तो लपवला नाही, स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवला. त्यांना घर सोडायची वाट नव्हती. आज आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आईसोबत मुलांनाही संरक्षण देतो. मार सोसत राहणं म्हणजे भक्ती नव्हे.

आता सत्यकामाकडे या. त्याने आईचे शब्द गुरूंसमोर जसेच्या तसे सांगितले. मान खाली घातली नाही, आईला दोष दिला नाही. गौतम ऋषी म्हणाले, तू सत्यापासून ढळला नाहीस, समिधा घेऊन ये. शिक्षणाचं दार त्या खरेपणाने उघडलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी असं घर सोडून आलं असेल, तर लाज तुमची नाही, आईचीही नाही. ती हात उगारणाऱ्याची.

आजची साधना : आईला मनातला एक प्रश्न शांतपणे विचारा. ती सांगेल तेवढं मध्ये न तोडता ऐका. आज नको म्हणाली, तर थांबा. आणि घरात अजून मारहाण चालू असेल, तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ लावा.

आई अंबाबाई, खरं बोलायचं बळ आईला दे, ते ऐकायचं बळ आम्हाला दे.