बिऱ्हाड, निरोप आणि प्रवारणा

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. या प्रयोगाचे स्पष्टीकरण सामान्यतः शुभाशुभाच्या कल्पनेने केले जाते आणि ते चूक नाही. पण ते अपुरे आहे. ‘येतो’ या क्रियापदात मागे राहणाऱ्याचा जाणाऱ्यावरील हक्क गृहीत धरलेला असतो. जाणारा आपल्या अनुपस्थितीला मुदत घालून देतो आणि मग उंबरठा ओलांडतो. परदेशात काही काळापुरते घेतलेले घर कायमचे सोडताना मात्र हे क्रियापद वापरता येत नाही. तेथे ‘येतो’ म्हणणे बहुधा असत्य असते आणि ‘जातो’ म्हणायला जीभ वळत नाही. भाषेला आलेली ही अडचण मला केवळ भाषिक वाटत नाही. ज्या जागेवर आपला हक्क नव्हता, पण जिने आपल्याला काही वर्षे सांभाळले, ती सोडताना आपण तिचे काय देणे लागतो, हा नैतिक प्रश्न तिच्यामागे आहे.

अशा घराला मराठीत एक नेमका शब्द आहे : बिऱ्हाड. घर ‘असते’, बिऱ्हाड ‘केले’ जाते, ‘हलवले’ जाते. विंचवाच्या पाठीवर आपण बिऱ्हाडच ठेवले, घर नव्हे. बिऱ्हाडाला भांडीकुंडी असतात, शेजार असतो, कधीकधी जन्ममृत्यूही असतात. नसते ती फक्त कायमपणाची ग्वाही. दुसरा शब्द ‘निरोप’. त्याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि त्यांचे नाते विसरतो : निरोप म्हणजे जाण्याची अनुज्ञा, आणि निरोप म्हणजे एकाने दुसऱ्याला पोहोचवायचा मजकूर. निरोप ‘घ्यावा’ लागतो. म्हणजे देणारा कोणीतरी असावा लागतो. परदेशातले बिऱ्हाड मोडताना तो कोण?

प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. काही वर्षांपूर्वी एका जर्मन विद्यापीठाच्या गावी दोन वर्षे शिकवून मी परतले. तेथे भाड्याचे घर सोडणे हा जवळजवळ एक विधी असतो. भिंतींतील खिळ्यांची भोके लांबीने बुजवायची, करारात असेल तर रंग द्यायचा. मग घरमालक आणि भाडेकरू दोघे मिळून खोली-खोली फिरतात, विजेच्या व पाण्याच्या मीटरवरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून घेतात, कागदावर दोघांच्या सह्या होतात. नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आपण येथे राहत नाही अशी नोंदही करावी लागते. हे सारे मी निष्ठेने केले. नंतर, सर्वजण करतात त्याप्रमाणे, निरोपाच्या प्रवासाला निघाले : तीन आठवडे, एक बॅग, दोन वर्षांत राहून गेलेली गावे, संग्रहालये आणि नदीकाठ. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले, की ज्या देशात परवापर्यंत मी कचऱ्याचे वार पाठ असलेली रहिवासी होते, तेथे आज मी पर्यटक झाले आहे. घर परत करताना मी हिशेब चुकता करीत होते, प्रवासात मात्र गोळा करीत होते. या दोन कृती एकाच ‘निरोप’ या नावाखाली कशा बसतात, हे मला कळेना.

आतिथ्याविषयीचे तत्त्वचिंतन याबाबत फारसे साहाय्य करीत नाही. कांटने १७९५ च्या ‘शाश्वत शांती’वरील निबंधात परक्याला शत्रू न मानले जाण्याचा, भेट देण्याचा हक्क दिला, पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क दिला नाही, त्यासाठी वेगळा करार हवा असे म्हटले. देरिदाने १९९७ साली ग्रंथरूप झालेल्या आपल्या व्याख्यानांत या अटींनाच प्रश्न केला. पण दोघांचीही नजर दाराशी उभ्या असलेल्या, आत येऊ पाहणाऱ्या माणसावर आहे. मनूने ‘अतिथी’ शब्दाची व्युत्पत्ती त्याच्या स्थितीच्या अनित्यतेवरून लावली आणि त्याला एका रात्रीची मर्यादा घातली. अनित्यता व्याख्येत आली, तरी पुढची सारी कर्तव्ये यजमानाचीच राहिली. आगमनाचे शास्त्र आपल्याकडे विपुल आहे. गमनाचे फार थोडे.

या सामान्य विधानाला एक मोठा अपवाद आहे. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंच्या वागणुकीचे नियम सांगताना आगंतुक, आवासिक आणि गमिक अशी तीन वेगळी व्रते सांगितली आहेत : येणाऱ्याचे, राहणाऱ्याचे आणि जाणाऱ्याचे. धर्मानंद कोसंबींच्या लेखनामुळे संघाची शिस्त मराठी वाचकाला अपरिचित नाही, पण गमिकाच्या व्रताकडे आपण फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. निघणाऱ्या भिक्षूने लाकडी व मातीची भांडी नीट आवरून ठेवावीत, दारे-खिडक्या बंद कराव्यात, राहती जागा कोणाच्या तरी स्वाधीन करावी. भिक्षू नसेल तर श्रामणेराच्या; तोही नसेल तर विहाराच्या सेवकाच्या. कोणीच नसेल तर मंचक चार दगडांवर ठेवावा, मंचकावर मंचक आणि आसनावर आसन रचावे, वर अंथरूण-पांघरूण ठेवावे आणि मग जावे. विहार गळत असेल आणि अंगात बळ असेल, तर शाकारून जावे. ज्या छपराखाली आता आपण झोपणार नाही ते शाकारण्याचा हा आदेश मला जर्मन करारातल्या रंगकामाच्या कलमापेक्षा निराळा वाटतो. करार मागचे नुकसान भरून मागतो, तर व्रताला पुढे येणाऱ्याची काळजी आहे. त्याला कोणी पाहिलेले नाही, तो येईल की नाही हेही माहीत नाही, आणि तरी वाळवीपासून मंचक वाचवायचा आहे.

परंतु वस्तू परत करणे हा निरोपाचा सोपा भाग आहे. वर्षावासाचे तीन महिने एकत्र राहिलेले भिक्षू पांगण्यापूर्वी प्रवारणा करतात. प्रत्येकजण संघाला विनंती करतो, की माझ्या वागण्यात तुम्हाला काही दोष दिसला असेल, ऐकू आला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तर अनुकंपेने सांगा. कळला तर मी सुधारीन. महावग्गात या विधीच्या उगमाची जी कथा आहे, ती विशेष अर्थपूर्ण आहे. कोसल देशातील काही भिक्षूंनी भांडणे टाळण्यासाठी पावसाळाभर एकमेकांशी न बोलण्याचे ठरवले. जो आधी येई तो आसने मांडी, जो मागून येई तो आवरी; हाताच्या खुणेने काम भागे. वर्षावास सुखात गेला, असे त्यांनी बुद्धाला येऊन सांगितले. बुद्धाने त्यांचे कौतुक केले नाही. हे पशूंसारखे एकत्र राहणे झाले, असे म्हणून त्याने प्रवारणेचा नियम घालून दिला.

ही कथा वाचताना मला माझी दोन वर्षे आठवल्याशिवाय राहत नाहीत. जिन्यात नमस्कार होई, दारावरच्या चिठ्ठ्यांनी काम भागे, कोणाचा कोणाला त्रास नव्हता. बिऱ्हाड सुखात गेले. किल्ल्या मोजल्या गेल्या. मी कशी होते हे मात्र मी कोणाला विचारले नाही, आणि कोणी आपण होऊन सांगितले नाही.

परदेशातल्या बिऱ्हाडाचा निरोप कसा असू शकतो, याची जी थोडी तपशीलवार वर्णने उपलब्ध आहेत, त्यांत ह्युएनत्संगाचे स्थान वरचे आहे. हुइलीने लिहिलेल्या आणि यान्‌त्सुंगने पूर्ण केलेल्या त्याच्या चरित्रात नालंदा सोडण्याचा प्रसंग आहे. तेथील भिक्षू त्याला अडवतात : ही बुद्धाची भूमी, तुझा देश सीमेपलीकडचा, तेथे जाऊन काय करणार? शीलभद्र त्याचे मन विचारतो. ही भूमी मला प्रिय नाही असे नव्हे, असे तो म्हणतो. पण जे ऐकले ते परत जाऊन भाषांतरित करावे आणि गुरूंचे ऋण त्या मार्गाने फेडावे, यासाठी थांबायला सवड नाही. या उत्तराने शीलभद्र संतोष पावतो आणि इतरांना आग्रह सोडायला सांगतो. ‘निरोप’चे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात. ज्याला पोहोचवायचा मजकूर आहे, त्यालाच जाण्याची अनुज्ञा मिळाली.

त्याच चरित्रात एक स्वप्न आहे. नालंदेची दालने ओस पडली आहेत, अंगणात म्हशी बांधल्या आहेत, एकही भिक्षू दिसत नाही. मंजुश्री दूरवर पेटलेली गावे दाखवतो आणि लवकर परत जा म्हणून सांगतो. चरित्रकाराच्या दृष्टीने हे भविष्यकथन आहे. मला त्यात प्रत्येक जाणाऱ्याच्या मनातली एक कबूल न केलेली इच्छाही दिसते. आपल्या पाठीमागे ती जागा जशीच्या तशी चालू राहील, हे सहन होत नाही. ती ओस पडलेली दिसली की जाणे सुसह्य होते. (मराठी प्रवासवर्णनांतील ‘आता ते पूर्वीचे राहिले नाही’ हा परिचित उद्गार याच जातीचा आहे, असा माझा संशय आहे.)

यानंतरचा त्याचा निरोपाचा प्रवास थोड्या दिवसांचा नव्हता. कामरूपात भास्करवर्म्याकडे, तेथून कनौजला हर्षाच्या धर्मसभेत, मग प्रयागच्या दानसभेत. इसवी सन ६४३ मध्ये तो वायव्येकडे निघाला. वाटचालीसाठी हर्षाने हत्ती आणि द्रव्य दिले. तीन दिवसांनी हर्ष आणि भास्करवर्मा घोडेस्वारांसह पुन्हा त्याला गाठायला आले. एकदा घेतलेला निरोप पुरला नव्हता. सिंधू ओलांडताना नाव कलंडली, पोथ्यांचे पन्नास गठ्ठे आणि भारतातल्या फुलांची बियाणी वाहून गेली. ६४५ मध्ये तो चांगआनला पोहोचला. मला महत्त्वाचे वाटते ते याच्या पुढचे. सुमारे नऊ वर्षांनी भारतातून आलेल्या भिक्षूंच्या पत्रांना त्याने उत्तरे लिहिली. शीलभद्राच्या मृत्यूचा शोक केला, आपण कोणते ग्रंथ भाषांतरित केले ते कळवले आणि सिंधूत बुडालेल्या पोथ्यांची यादी जोडून त्या पुन्हा पाठवण्याची विनंती केली. त्याने मागणी केली, आपले काम यजमानांपुढे तपासणीसाठी ठेवले. ‘येतो’ न म्हणताही हक्क चालू ठेवण्याची ही रीत आहे.

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंना ठेवले, की प्रश्न अधिक अवघड होतो. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने, अमेरिकेत. इंग्लंडमधील यजमानांशी त्यांचा धर्मविषयक वाद झाला तो थेट त्यांच्याशी, इंग्रजी पत्रांतून. तो कडवट होता, पण प्रवारणेच्या जातीचा होता : दोष ज्याचा त्याच्या तोंडावर. अमेरिकेतील मुक्काम वेगळा. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने त्यांच्या संकल्पित कार्याला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले. पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचा त्यांचा प्रवास हा निरोपाचाच प्रवास होता, पण त्यात त्या देखावे गोळा करीत नव्हत्या. गावोगावी स्वतःला बांधून घेत होत्या. जपान, हाँगकाँग मार्गे त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले.

त्याच वर्षी त्यांचा युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील ग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. तो कौतुकाचा ग्रंथ आहे, पण केवळ कौतुकाचा नाही. मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय आणि स्त्रियांना मताधिकार नसणे, यांवर त्या स्पष्ट बोलतात. ज्यांनी त्यांना ठेवून घेतले, वर्गणी दिली, त्यांना या भाषेतले एक अक्षर वाचता येत नव्हते. संपूर्ण ग्रंथ इंग्रजीत यायला २००३ साल उजाडले. हा कृतघ्नपणा होता का? मला तसे वाटत नाही. त्यांना आपल्या लोकांसाठी लिहायचे होते. यजमानाच्या दोषांवर पांघरूण घातले असते, तर ज्या वाचकांसाठी त्या गेल्या होत्या, त्यांची फसवणूक झाली असती. शिवाय त्यांनी दोष दाखवले ते एका राष्ट्राचे, त्याच्या कायद्यांचे आणि रूढींचे. ज्या घरात राहिल्या त्या घरातील बाईचे नव्हेत. हा फरक मला निर्णायक वाटतो. राष्ट्राच्या दोषांचा निरोप कोणत्याही भाषेत देता येतो. माणसाच्या दोषाचा निरोप त्या माणसाला कळेल अशाच भाषेत द्यावा लागतो.

हा फरक मी पाळला नाही, म्हणून येथे तो इतक्या आग्रहाने मांडते आहे. परतल्यावर एका दिवाळी अंकासाठी त्या गावावर लेख लिहिला आणि त्यात माझ्या मजल्यावरच्या वृद्ध शेजारणीचे चित्र रेखाटले. तिचे एकाकीपण, तिचा काटेकोरपणा, मुलाचा फोन येण्याच्या वारी पडद्याआडून दिसणारा तिच्या स्वयंपाकघरातला दिवा. लेख पुष्कळांना आवडला. पाश्चात्त्य समाजातील वार्धक्याचे मर्म मी पकडले, असे एका ज्येष्ठ समीक्षकांनी कळवले. शेजारणीने पहिल्या हिवाळ्यात मला स्वतःचा लोकरी कोट दिला होता, तो उल्लेखही लेखात आहे, आणि तो वाक्यरचनेच्या दृष्टीने योग्य जागी आहे. निघण्याच्या दिवशी ती जिन्यात उभी होती. मी पुन्हा येईन, असे तिला तिच्या भाषेत सांगितले; मराठीतला ‘येतो’ तेवढा मी तिच्याशी बोलताना भाषांतरित केला.

मध्यंतरी तो लेख जर्मनमध्ये करून तिला पाठवावा, असे ठरवले. गावाची वर्णने, नदी, विद्यापीठाचे ग्रंथालय, हे सारे अडचण न येता झाले. कोटाचे वाक्यही झाले. दिव्याच्या वाक्याशी मात्र मी थांबले आहे. पडद्याआडचा तो दिवा मला दिसत होता हे तिला ठाऊक नाही, आणि तो फोनची वाट पाहण्यासाठीच जळत असे हे मला कोणी सांगितलेले नव्हते.